इदूचं नाव आणि तीन पदर

इदूची उंची मोठ्या माणसाच्या कमरेइतकी. प्राचीन इजिप्तमधल्या मेम्फिसच्या सोनारखान्यात बुटक्या माणसांना मान होता. हार ओवायचं काम त्यांच्याकडेच असे. बाप मासेमार, पण इदू आठ वर्षांचा झाल्यावर त्याने त्याला सोनारखान्याच्या दारात उभं केलं. तिथून इदू हलला नाही.

तो आणि रेदी, दोघं बुटके, बैठ्या चौरंगाच्या दोन बाजूंना बसत. मध्ये गळाभर रुंद हार. सोन्याचे लांबट मणी, मध्ये निळ्या चकाकीचे, तागाच्या दोऱ्यात. पाच पदर. चाळीस वर्षं हेच.

धान्यकोठारांचे अधिकारी नेफेरी यांनी जिवंतपणीच आपली कबर बांधायला घेतली. भिंतीवर सोनारखाना हवा होता. हेंती नावाचा चित्रकार येऊन दोन दिवस इदू-रेदीकडे बघत बसला. महिन्याभराने त्याने दोघांना कबरीत नेलं. भिंतीवर काळ्या रेघांत चौरंग होता, हार होता, दोन बुटके होते.

"हार चुकलाय," इदू म्हणाला. "तीनच पदर आहेत."

"आहे त्या जागेत बसवायचंय बाबा. वर थोडी जागा उरलीय. तिथे तुझं नाव घालू, नाहीतर हार वाढवू. बोल."

"आणि माझं?" रेदीने विचारलं.

"तुझ्या डोक्यावर खांब आलाय, नावाला जागाच नाही."

इदूने एक दिवस मागून घेतला. घरी हेनूत, त्याची बायको, कांदे सोलत होती.

"अहो, यात विचार कसला करताय? हाराला पुढे कोण विचारणारे? नाव राहिलं तर माणूस राहतो."

"उद्या कुणी बघेल, म्हणेल, या इदूला हार ओवता येत नव्हता."

"म्हणू दे. नाव तरी घेईल ना?"

दुसऱ्या दिवशी इदूने नाव सांगितलं. हेंतीने छिन्नीने ते कोरलं. इदूला वाचता येत नव्हतं; त्याने खाचांवरून बोट फिरवलं आणि घरी आला. रेदी चार दिवस त्याच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी मणी कमी पडले, तेव्हा बोलावंच लागलं.

पुढे नेफेरी वारले. सणावाराला त्यांच्या कबरीत लोक नैवेद्याची भाकरी-बिअर घेऊन जात. इदूही जाई. कुणी चित्रासमोर थांबलं की तो पुढे होऊन सांगे, "हा मी. हार खरा पाच पदरी असतो."

लोक त्याच्याकडे बघत, मान हलवत, पुढच्या भिंतीकडे वळत.

डोळे अधू झाल्यावर त्याने काम सोडलं. त्यानंतर दोन वर्षांनी, नाईलचं पाणी ओसरत असताना, तो गेला. हेनूतने त्याला गावाबाहेरच्या वाळूत पुरलं. रेदी आला होता. सोनारखान्यात त्याच्या समोर, चौरंगाच्या इदूच्या बाजूला, आता दुसरं कुणी बसत होतं.