लेकुरवाळ्यांसाठी दोन खोल्या

मानोऱ्यात दौलतरावांच्या मळ्यातली वांगी प्रसिद्ध होती. त्यांना मूल नव्हतं, हेही तितकंच प्रसिद्ध होतं. पंच्याहत्तर साली वांग्यांना भाव मिळाला, तेव्हा त्यांनी रस्त्याच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या. भाड्यासाठी, असं ते सांगत. त्यांच्या बायकोनं, गिरजाबाईंनी, आढ्याला पाळण्याची कडी ठोकून घेतली, तेव्हा खरं कारण गवंड्यालाही कळलं.

मदनसिंग पेंटरनं रस्त्याकडच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं, ‘दोन खोल्या भाड्याने देणे आहे. लेकुरवाळ्यांस प्राधान्य.’

“अन् एकटा मास्तर आला तं?” त्यानं विचारलं.

“त्याले म्हना, लगन करून ये,” गिरजाबाई म्हणाल्या.

महिन्याभरात एक तलाठी बायको आणि तीन पोरं घेऊन खोल्या पाहायला आला. धाकटीनं गिरजाबाईंच्या पदराला नाक पुसलं. ते लुगडं त्यांनी दोन दिवस धुतलं नाही. पहिल्या तारखेला सामान आणतो, असं तलाठी म्हणून गेला.

त्याच्या आधी मदनसिंग आला. हातात तोच लाल रंग. जाहिरातीच्या बरोबर खाली त्यानं कुटुंब नियोजनाचा भला मोठा त्रिकोण काढला आणि लहान कुटुंबाचं सुख तीन ओळींत लिहिलं.

“मदन्या, माह्या भिंतीवर काय करून राह्यला बे?”

“वरून हुकूम हाय, भाऊ. रस्त्यावर तुमचीच भिंत गुळगुळीत. पुसू नका बरं, आत टाकतीन.”

पहिल्या तारखेला तलाठी आला, पण सामानाशिवाय. “दौलतराव, आमचा साहेब रोज याच रस्त्यानं जातो. तीन पोरं घेऊन या पाटीखाली कसा राहू? तुमीच सांगा.”

तलाठी गेला तो गेलाच. पुढे तांड्यावरची माणसंही त्या भिंतीपाशी रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. नसबंदी इथेच होते, अशी बोलवा झाली होती.

सरकार बोलवा वाया जाऊ देत नाही. एके दिवशी सरकारी डॉक्टरांची जीप आली.

“खोल्या देणे आहे, असं तुम्हीच लिहिलंय ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो साहेब,” दौलतराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

लोखंडी खाटा आत गेल्या. संध्याकाळी गिरजाबाई चहा घेऊन गेल्या, तेव्हा कंपाउंडर पाळण्याच्या कडीला पेट्रोमॅक्स टांगत होता. त्यानं कडी ओढून पाहिली.

“मजबूत आहे हो, काकू. कशासाठी ठोकली होती?”

“काही टांगाले,” गिरजाबाई म्हणाल्या, आणि कप खाली ठेवले.