जबड्यात मावणारा सुकदेव

आमच्या सुकदेवला देवानं खांदे दिलेच नव्हते. जळगावकडचा गडी, शेवग्याच्या शेंगेसारखा वाळका. त्या वाळकेपणावरच त्याची चूल पेटायची.

एक्क्याण्णव साली सायली गावातल्या आमच्या फायबरच्या कारखान्यात म्युझियमची ऑर्डर आली. फायबरचे फायटोसॉर बनवायचे म्हणे! वीस कोटी वर्षांपूर्वी खपलेलं, मगरीच्या लांबच्या नात्यातलं जनावर. आता त्याची दगड झालेली हाडंच सापडतात. दोन अर्धे भाग जोडले की सांध्याला आतून रेझिनचा उग्र वासाचा चिकटा लावायचा. पण त्या मेल्याचं तोंड लांबलचक, निमुळतं. त्यात एकटा सुकदेव मावायचा. तो पोटावर सरपटत आत जायचा आणि मी, सुलभा, बाहेरून त्याचे पाय धरायची.

आत वासानं जीव घुसमटायचा. मगरीचं नाक टोकाला असतं, म्हणून मी तिथे हवेसाठी ड्रिलनं दोन भोकं पाडली. आमचे मॅनेजर जयवंत साहेब चित्र नाचवत आले. "अक्कल गहाण टाकलीस का? ह्याचं नाक डोळ्यांजवळ असतं. बुजव ती भोकं!" बुजवली मी. सुकदेव आत असतानाच.

साहेबांचा सुकदेवला शब्द होता, तिसरं जनावर झालं की तुला नोकरीत कायम करतो. दुसरं संपलं आणि सुकदेव खोकून खोकून महिनाभर सामरवरणी गावातल्या आपल्या भाड्याच्या खोलीत पडला. त्याची बायको शोभा आपल्या ताटातलं त्याच्या ताटात सारायची. अंडं त्याला, दूध त्याला. स्वतः "मला भूकच नाही हो" म्हणायची आणि पाणी पिऊन झोपायची. गडी उठला, अंगावर मांस आलं. "सासरवाडीला जाऊन आलास का रे?" मी चिडवलंसुद्धा.

तिसऱ्या जनावरात तो खांद्यांशी अडकला. साहेब हसले. खोटं कशाला बोलू, आम्ही सगळेच हसलो. शोभा डबा घेऊन दारात उभी होती. साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ही मावेल."

"साहेब, तिला नको!" बाहेर येऊन सुकदेवनं साहेबांचे पाय धरले. "मी आठ दिवस उपाशी राहतो."

"गुरुवारी ट्रक लागणार आहे. ती गेली तर तू कायम. नाहीतर दोघंही घरी."

शोभानं डबा माझ्या हातात दिला. "ताई, ह्यांना गरम आहे तोवर वाढा." पदर खोचला आणि गेली आत. कुठं अडकलीच नाही. सुकदेव तिचे पाय धरून रडत होता. आतून खोकल्याचा आवाज आला. ड्रिल माझ्या हाताशी होतं. मी उचललं नाही.

सुकदेव कायम झाला. शोभा मात्र प्रत्येक ऑर्डरला आत जात राहिली. ती अडकली तर तुझी नोकरी गेली, असं साहेबांनी त्याला बजावलं होतं.

परवा मी त्यांच्याकडे जेवायला बसले होते. शोभानं दुसरी भाकर घेतली. सुकदेवनं ती तिच्या ताटातून उचलली आणि टोपलीत ठेवली.