एकशेबारा मेंढरं उडाली, त्याची गोष्ट

आमच्या विश्रामबागेतल्या ऑफिसात मी जनावरांच्या लसीकरणाचा प्रोग्राम लिहिते. कुठल्या मेंढीला कुठली लस कधी दिली, कोणती गाभण आहे, सगळं त्यात असतं. मला स्वतःला लांबून शेळी कोणती नि मेंढी कोणती ते कळत नाही, ही गोष्ट वेगळी.

जतकडच्या एका धनगर मामांचं नाव त्यात दोनदा होतं. सहा महिने गावी, सहा महिने चाऱ्यासाठी कळप घेऊन मेढा गावाकडं. दोन्हीकडच्या लोकांनी त्यांना आपलंच धरून नोंदवलेलं. एक नाव दोनदा दिसलं की माझं डोकं फिरतं. मूळ गाव जत, तेव्हा मेंढरंही तिथल्याच नोंदीला जोडलेली असणार, हा माझा शहाणपणा! बघायचे कष्टही घेतले नाहीत. मेढ्याची नोंद उडवायची ओळ कोडमध्ये लिहिली आणि चालवली. मालक उडाले, मागोमाग त्यांची एकशेबारा मेंढरं उडाली. मालक गेला की त्याचं सगळं जावं, अशी जोडणीही मीच करून ठेवलेली. आणि बॅकअप? "उद्या घेऊ" म्हणता म्हणता महिना गेला होता.

दोनच दिवसांनी मेढ्यात लसीकरणाचं शिबिर होतं. तिथली लस गाभण मेंढीला टोचली तर ती गाभ टाकते, असं डॉक्टरांनी बजावलेलं. रडतच मामांना फोन लावला.

"मामा, माझ्या हातनं तुमची मेंढरं पुसली गेली हो!"

"आं? मेंढरं तर हितं चरत्यात की."

"कॉम्प्युटरातली!"

"मग रडतीस कशाला, पोरी? लिव."

मामी एकेकीच्या कानातल्या बिल्ल्याचा आकडा वाचायच्या, मामा पुढचं सांगायचे. "ही लय भांडखोर. गाभण हाय. ही तिची थोरली लेक, गाभण न्हाई. हिला मागल्या टायमाला टोचलंय, डाक्टरलाच लाथ घातलीया हिनं." लाथेसाठी माझ्याकडे रकाना नव्हता. मागे उभ्या राहून चहा पिणाऱ्या आमच्या मॅडम म्हणाल्या, "तुझ्या जागी यांनाच घेऊ या का?"

शिबिर पार पडलं. एकाही मेंढीनं गाभ टाकला नाही, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात मॅडमच्या लॅपटॉपवर आमच्या नोंदींची जुनी प्रत सापडली. ताडून पाहिलं तर मामांचं सगळं तंतोतंत, फक्त एक मेंढी कमी. मी फुशारकीनं फोन केला. "मामा, एक विसरलात बघा! पांढऱ्या पायांची, म्हातारी."



"ती गेली गं मागल्या म्हयन्यात. तुज्याकडं हाय व्हय अजून?"

"आहे. काढून टाकू?"

"नगं," मामा घाईनं म्हणाले. "ऱ्हाऊ दे की तिथं."