चौथी मूठ

"हात दिसना, तं काम बिघडनं," असं धुळ्याचा भाईदास मिस्त्री नेहमी म्हणायचा; कारागिराचा हात दिसला, की काम बिघडलंच, असा त्याचा अर्थ.

सत्त्याऐंशी साली फैजपूरच्या भिकननानांनी आपली छत्तीस सालची मोटार त्याच्या हवाली केली. ती जशीच्या तशी मूळ रूपात आणायची होती. बायको गेल्यापासून भाईदासला घराची ओढ नव्हती. दोन वर्षं तो नानांच्या केळीच्या वखारीत मोटारीशेजारीच झोपला. दारांच्या चार मुठींपैकी एक मात्र कुठेच मिळेना. शेवटी नानांच्या बहिणीने, मंदाबाईने, आपल्या खलबत्त्यातला पितळी बत्ता काढून दिला. महिनाभर कानशीने घासून त्याने त्यातून चौथी मूठ घडवली आणि जळगावहून तिला मुलामा चढवून आणला. हे त्या दोघांनाच ठाऊक होतं.

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाआधी परीक्षक आले. एकही भाग नवा निघाला, तर मोटार बाद होणार होती. तरी कुणीतरी एकदा आपला हात ओळखावा, असं भाईदासला आतून वाटत होतं.

परीक्षकांनी नेमकी चौथीच मूठ धरली. "पाहा नाना, अशी वस्तू घडवणारी माणसं आता संपली!"

"भाऊ, आता तरी सांगा," मंदाबाई कुजबुजली. "नाहीतर माझा बत्ता द्या परत!"

भाईदास हसला आणि त्याने नकारार्थी मान हलवली.

मोटार पास झाल्याच्या पेढ्यांच्या गडबडीत त्याने हत्यारांची पेटी उचलली आणि तो एस.टी. स्टँडच्या वाटेला लागला. नानांच्या ते ध्यानातही आलं नाही. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मंदाबाई एकटीच वखारीच्या दारात उभी होती.