कोरड्या तलावातली आत्या

माझ्या आत्याने उभ्या आयुष्यात कुणाला चापटसुद्धा मारलेली नाही. मला एकदा मारायला उठली होती, पण वाटेत चष्मा शोधण्यात राग विसरून गेली. अशी ही बाई सात बॉक्सरांची मॅनेजर आहे. कुणी कुणाशी, कधी, किती फेऱ्या खेळायच्या हे ती ठरवते, आणि तिची सही नसेल तर सातांपैकी एकालाही रिंगच्या दोरीला हात लावता येत नाही.

आधी ती पोहण्याच्या तलावावर खिडकीत बसून तिकिटं फाडायची. पुढे तलावाच्या तळाला तडा गेला, पाणी टिकेना, आणि तलाव बंद झाला. किल्ल्या आत्याकडेच राहिल्या, कारण त्या परत मागायला कुणी आलंच नाही. मग एक दिवस कोच आले आणि म्हणाले, "ताई, बाझ्या बुलांदा जागा दाही." कोचचं नाक चार वेळा मोडलेलं आहे, त्यामुळे त्यांच्या बोलण्यातून म आणि न कायमचे निवृत्त झालेत. 'माझ्या मुलांना जागा नाही' असं त्यांना म्हणायचं होतं. पुढे मी त्यांना बोलू देत नाही, वाचणाऱ्याचं नाक चोंदायला नको.

तर जिथे पूर्वी आठ फूट पाणी असायचं तिथे आता रिंग आहे. कडेच्या निळ्या फरशीवर अजून 'आठ फूट, सावधान' लिहिलेलं आहे, आणि बॉक्सर मंडळी सरावाला स्टीलच्या शिडीवरून पाठमोरी खाली उतरतात, थंड पाण्यात उतरावं तशी. आत्या वर काठावर, तिच्या जुन्या तिकिटाच्या टेबलाशी.

टेबल आणि चष्मा असलेल्या माणसाकडे लोक कागद घेऊन येतातच. एक पोरगा मॅचचा करार घेऊन आला, "आत्या, एवढं वाचून द्या ना." आत्याने वाचलं आणि अकराव्या कलमाशी थांबली. ऐनवेळी प्रतिस्पर्धी बदलण्याचा हक्क आयोजकाकडे राहील.

"म्हणजे उंदीर सांगून हत्ती आणणार?" आत्याने विचारलं.

"असंच असतं, आत्या."

"असंच कसं असतं?"

त्या प्रश्नापासून ती मॅनेजर झाली.

मॅच भरवणारे म्हणजे शेठ. शेठचा आवाज काढायचा तर आधी गालात खडीसाखर धरायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'आपल्या घरचंच समजा' लावायचं. मॅचच्या आदल्या दिवशी वजन करतात, तिथे एकदा शेठनी ठरलेला खेळाडू आजारी म्हणून दुसराच उभा केला. तो काट्यावर चढला आणि नऊ किलो जास्त भरला.

"ताई, सकाळपासून उपाशी आहे हो बिचारा, उपासाने फुगलाय. आपल्या घरचंच समजा."

आत्याने शेठकडे पाहिलंच नाही. आपल्या पोराकडे पाहिलं. तो नुसत्या चड्डीवर, थंडीने काकडत उभा होता. ती म्हणाली, "विजार चढव." संपलं. तेव्हापासून तलावावर मॅच रद्द झाली असं कुणी म्हणत नाही, 'विजार चढली' म्हणतात.

तिचे कायदे सोपे आहेत. रिंगमध्ये आडवा झालास तर नव्वद दिवस सुट्टी, मग तू कितीही उड्या मारून दाखव. समोरच्या खेळाडूला ती स्वतः जाऊन बघते. विणकामाची पिशवी घेऊन त्याच्या क्लबात बाकावर बसते, कुणी विचारलं तर "भाच्याची वाट बघतेय" म्हणते, आणि दोन तासांत त्याचा डावा हात, त्याचा दम आणि त्याची लबाडी अशा तिन्ही गोष्टी मोज्यासोबत विणून आणते.

आणि सोमवारची तपासणी. भिंतीवर तलावाच्या नियमांची पाटी आहे, एकूण बारा नियम. दर सोमवारी प्रत्येकाने पंधरा पावलांवर उभं राहायचं, डावा डोळा झाकून पहिले सहा वाचायचे, उजवा झाकून पुढचे सहा. एवढाले दंडवाले गडी गंभीरपणे वाचतात, 'तलावात थुंकू नये, काठावर धावू नये, लहान मुलांस एकटे सोडू नये', आणि आत्या घड्याळ धरून बसते. जीभ जड झालीय का, शब्द घसरतात का, डोळा चाचपडतो का, सगळं त्यात कळतं. हे तिने सुरू केलं त्याला कारण आहे. बसथांब्यावर तिला एक माणूस भेटला होता, जेमतेम चाळिशीचा. समोर उभ्या बसचा नंबर विचारत होता. तो जुना बॉक्सर निघाला. कुणी वेळेवर विचारलं नाही, म्हणाला.

आता आमच्या पोस्टमनची गोष्ट. तो खरोखरचा पोस्टमन आहे, सकाळी पत्रं वाटतो. रिंगमधला निवेदक त्याचं नाव पुकारताना ताणून ताणून ओरडतो, "पत्ता अचूक, ठोसा घरपोच." वय बत्तीस. अकरा वर्षं मेहनत करून यंदा पहिल्यांदा त्याला अजिंक्यपदाची मॅच मिळाली होती, पुढच्या महिन्याच्या चार तारखेला. तलावावर दुसरा विषय नव्हता. कोच झोपेतसुद्धा ठोसे मोजत असावेत.

आत्या मात्र पोस्टमनकडे बघत होती. पोस्टमनने चहाचा कप टेबलावर ठेवला, तो टेबलाच्या डाव्या कडेबाहेर, हवेत. कप फुटला. "हात ओला होता," तो म्हणाला. दोन दिवसांनी डावीकडून कुणी हाक मारली तर त्याने कोंबडीसारखी अख्खी मान फिरवून पाहिलं. ते मी घरी जेवताना करून दाखवलं. बाबा हसले. आत्याने घास खाली ठेवला.

"परत कर," ती म्हणाली.

मी परत केलं. तिने तिसऱ्यांदा करायला लावलं. मग म्हणाली, "पण सोमवारी तर घडाघडा वाचतो तो." आणि स्वतःच थबकली. सहा वर्षं तीच पाटी, तेच बारा नियम.

रविवारी दुपारी तिने शिडी लावली, काळा रंग घेतला आणि पाटीवरचा नववा नियम खोडून नवा लिहिला.

सोमवारी सगळ्यांत आधी पोस्टमन येतो, कामावर जायच्या घाईत. तेव्हा तिथे आत्या, कोच आणि मी, एवढेच. त्याने डावा डोळा झाकून सहा नियम वाचले. मग उजवा झाकला.

"सात. साबण वापरू नये. आठ. काचेच्या बाटल्या आणू नयेत. नऊ. ओल्या अंगाने कपड्यांच्या खोलीत जाऊ नये."

कोचना पाटीवर दिसत होतं ते आणि कानावर येत होतं ते जुळेना. त्यांना वाटलं गंमत चाललीय. ते हसायला लागले आणि आत्याचं तोंड बघून मध्येच थांबले. पाटीवर लिहिलं होतं, 'नऊ. ज्याला हे दिसत नाही त्याने आत्याला सांगावे.'

पोस्टमन बारापर्यंत म्हणून गेला, हात काढला आणि पाटीकडे नीट पाहिलं. नवव्या ओळीवर येऊन थांबला.

"किती दिवस झाले?" आत्याने विचारलं.

"तीन आठवडे. आधी नुसत्या ठिणग्या दिसायच्या. मग कोपऱ्यातून काळा पडदा आल्यासारखा."

"बायकोला सांगितलंस?"

"नाही."

"विजार चढव."

आणि मग तो भडकला. "अकरा वर्षं, आत्या. अकरा वर्षं मी पहाटे धावलो. एक डोळा आहे ना चांगला? बारा फेऱ्यांचा तर प्रश्न आहे. शेठचे डॉक्टर एकच तक्ता दाखवतात, तोही पाठ आहे मला."

"शाबास," आत्या म्हणाली. "अभ्यासात असं पाठ केलं असतंस तर पोस्टमास्तर झाला असतास."

"हसू नका. तुमचा माझा करार तीस तारखेला संपतो. एक तारखेला मी शेठकडे जाईन."

आणि ते खरं होतं. आत्याच्या सहीत तेवढाच जोर होता, महिना संपेपर्यंतचा. नंतर त्याला चार तारखेला रिंगमध्ये उतरण्यापासून कुणी अडवू शकत नव्हतं, आणि त्या डोळ्यावर एक ठोसा बसला असता तर पुढे काय ते आत्याला बसथांब्यावर कळून चुकलेलं होतं.

शेठचा फोन त्याच दिवशी आला. "ताई, मुलाचं नशीब उघडतंय, तुम्ही दार का लावता?"

"दार नाही लावत, शेठ. डोळा मिटतोय, तो उघडा ठेवतेय."

"आपल्या घरचंच समजा ना."

"घरचं समजले म्हणूनच," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभी राहिली. शाळेला सुट्ट्या होत्या, मी मागे. तो सायकल हातात धरून घरोघरी पत्रं टाकत निघाला आणि आत्या त्याच्या डाव्या बाजूने चालायला लागली. काही बोलली नाही. तो म्हणाला, "समजूत घालायला आल्या असाल तर फुकट आहे." ती चालतच राहिली. बुधवारीही तेच. तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता, तरी चाललीच.

गुरुवारी पोस्टमनची वाफ बाहेर पडली. चालता चालता तो भांडायला लागला. "तुम्हाला काय कळणार? तुम्ही कधी ग्लोव्ह घातलाय हातात? मुली मोठ्या झाल्यावर विचारतील, बाबा तुम्ही काय जिंकलात, तर काय सांगू, पत्रं वाटली? बोला ना. आता का गप्प?"

आत्या गल्लीच्या तोंडाशीच थांबली होती. पत्रपेटीला टेकून उभी होती, आणि तो अख्खी गल्ली एकटाच भांडत गेला. हातवारे करत, मध्येच "हां, हे मान्य," असंही म्हणत. खिडकीतली एक बाई त्याच्याकडे बघून पडदा ओढून मोकळी झाली. मला आधी हसू आवरेना, मग हसवेना.

गल्लीच्या टोकाला त्याने मान पूर्ण वळवली. शेजारी कुणी नव्हतं. मागे पाहिलं. मग सायकल वळवून हळूहळू परत आला.

"कधीपासून थांबलात?"

"इथपासून."

त्याने गल्ली बघितली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग सायकलच्या घंटीवरची धूळ अंगठ्याने पुसत बसला.

"डॉक्टरकडे माझ्यासोबत याल?" तो म्हणाला. "बायको रडेल."

"आधी उरलेली पत्रं टाक," आत्या म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई एकेक शब्द चिमट्याने उचलून ठेवल्यासारख्या बोलतात. "आतला पडदा सुटलाय. भिंतीवरचा कागद सुटतो, तसा. शस्त्रक्रिया उद्या. डोळा वाचेल. नजर किती येईल, सांगत नाही."

"नंतर खेळता येईल?" पोस्टमनने विचारलं.

"ठोसे मारायला हरकत नाही. खायला आहे."

पोस्टमनने मान खाली घातली. आत्याने पिशवीतून विणकाम काढलं आणि एकही टाका न घालता तसंच धरून बसली. तो म्हणाला, "मारायचं कुणाला तरी शिकवता येईल, म्हणजे." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येईल."

शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात वायूचा फुगा भरला होता, तो पडद्याला जागेवर दाबून धरतो. त्यासाठी सात दिवस पालथं पडून राहायचं, तोंड जमिनीकडे. त्याच्या घरी दोन वर्षांच्या जुळ्या मुली. बाप पालथा दिसला की घोडा घोडा सुरू. म्हणून तो आमच्याकडे आला. त्याची बायको दोन्ही वेळा येऊन त्याला भरवून जायची, आणि पहिल्या दिवशी त्याच्या न सांगण्याबद्दल त्याच्या पाठीला जे काही ऐकवून गेली ते मी अजून कुणाला करून दाखवलेलं नाही. बाबांनी बुटक्या पलंगाच्या टोकाची एक फळी काढून दोन्ही बाजूंना उशा लावल्या, मध्ये थेट फरशीपर्यंत फट ठेवली, त्यात त्याचं तोंड. "सात दिवस पाठ दाखवणारा पाहुणा पहिलाच," बाबा म्हणाले.

चार तारीख त्या आठवड्यातच आली. सकाळपासून कुणी त्याच्याशी धड बोलेना. मी उशाशी बसून कोचचा आवाज काढला, शेठचा काढला, निवेदकाचं पत्ता अचूक ठोसा घरपोचसुद्धा काढलं. तो फरशीकडे बघत "छान," म्हणाला, आणि त्यात काही दम नव्हता.

मग आत्या आली. साठीची बाई, वाकताना भिंतीची परवानगी घेते. तिने जमिनीवर सतरंजी टाकली, उताणी झाली आणि पाठीवर सरकत सरकत पलंगाखाली गेली, तिचं तोंड बरोबर त्याच्या तोंडाखाली येईपर्यंत.

"हे काय, आत्या?"

"फरशीशी काय बोलतोस एकटा. माझ्याशी बोल."

"काय बोलू?"

"चिडला आहेस का अजून?"

"थोडा."

"राहा थोडा. माझं काही म्हणणं नाही."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, फुगा असेपर्यंत अगदी जवळचं, वीतभर अंतरावरचंच काय ते दिसेल, तेही दिसलं तर. त्याने उजवा डोळा मिटून घेतला. मी बाजूने बघत होते.

"आत्या, रागावू नका."

"काय झालं?"

"तुमच्या हनुवटीवर एक केस आहे. पांढरा."

आत्याचा हात हनुवटीकडे गेला. "कुठल्या डोळ्याने बघतोयस?"

"डाव्या."

मग सतरंजी हलायला लागली. आत्या हसत होती, आवाज न करता, पोट धरून, आणि वर पोस्टमन हसायला लागला तसा पलंग करकरायला लागला. डॉक्टरीणबाईंनी हसू नका असं सांगितलेलं नव्हतं, पण मी तरी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला दाबून धरलं.

"एकच आहे की जास्त?" आत्याने खालून विचारलं.

"थांबा, मोजतो."

तो मोजत होता तेवढ्यात बाबा आले. आत्याला तिथून बाहेर काढायला आम्हा दोघांनाही तिचे पाय धरून ओढावं लागलं, आणि ती निघता निघता म्हणत होती, "हळू ओढा रे, त्याला नीट बघू द्या."