अण्णांनी थिजवलेलं मशीन

संगणकाचं मशीन थिजलं की आम्हा सगळ्यांचा हात आधी बंद करायच्या बटणाकडे जायचा. अण्णांचा हात मशीनच्या पाठीवर जायचा, जनावराचा ताप बघावा तसा. "अडकलंय, मेलं नाय. बंद केलं तर कशानं अडकलं ते कोण सांगंल?" म्हणत ते डिस्कच्या दिव्याकडे बघत बसायचे.

अण्णा देवगाव रंगारीचे, मेंढपाळांच्या घरातून इंजिनिअर झालेले. क्रांती चौकाजवळच्या आमच्या लहानशा कंपनीत आम्ही संगणकाचं कर्नल, म्हणजे सगळं चालवणारा गाभा, गिऱ्हाइकांच्या गरजेप्रमाणे बदलून द्यायचो. मी लिहायचो, अण्णा तपासायचे. सकाळी मागवलेला चहा ते दुपारी प्यायचे. "गार झाला म्हणून काय चहा नाय व्हय?"

डिस्क वाचून होईपर्यंत थांबायचं नाही, मागणी टाकून पुढच्या कामाला लागायचं, असा भाग मी लिहिला. वेग वाढला, मी मिरवलो. मग वाळूजच्या एका कारखान्यातलं मशीन मधूनच थिजायला लागलं. आम्ही गेलो. अण्णा थिजलेल्या मशीनला दुसरं जोडून आतलं वाचत बसले. तिथला मॅनेजर वैतागला. "बंद-चालू करून टाका ना, ट्रक खोळंबलेत."

"करतो की. अन् उद्या परत अडकल्यावर परत मलाच बोलवा."

शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं. "हे बघ. समज, तू लिहिलेलं काम म्हणजे तू, अन् गोदामाच्या कुलपाची किल्ली तुझ्या खिशात. तेवढ्यात डिस्कवाला वाचलेला माल घेऊन आला. माझं होईस्तोवर हलू नको, म्हणून त्यानं तुला बसवलं, अन् आता त्याच किल्लीची वाट बघतोय. आता कोण हलणार?"

किल्ली हातात असेपर्यंत डिस्कवाल्याला बाहेर थोपवायचं मी लिहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीच्या साहेबांनी विचारलं, "हे कुणाचं काम?" मी टेबलाकडे बघत राहिलो. अण्णांनी माझ्यासाठी थोडी वाट पाहिली. मग म्हणाले, "तपासायचं माझ्याकडं व्हतं, साहेब."

त्यांना कर्नलवरून काढलं आणि फर्दापूरच्या हॉटेलांत बिलांची मशीनं बसवायला धाडलं. एकदा तिकडून आले तेव्हा मी म्हणालो, "अण्णा, मी साहेबांना खरं सांगतो."

"सांग की. मी कुठं नाय म्हणलो?"

त्यांनी परत विषय काढला की सांगू, असं मी ठरवलं. त्यांनी कधीच काढला नाही.

काही वर्षांनी अण्णा गेले. परवा जुन्या मंडळींच्या जेवणात कुणीतरी 'अण्णांनी थिजवलेलं मशीन' आठवलं आणि सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन हे लिहायला बसलो. ते मशीन अण्णांनी सोडवलं. थिजवलं मी. अण्णा वाट बघत राहिले, आणि किल्ली इतकी वर्षं माझ्याच खिशात होती.