मंजुरीपूर्वी केलेलं काम

बाबीची सही कधीच चौकटीत मावली नाही.

अध्यक्षाच्या सहीसाठी फॉर्मवर दोन बोटं जागा असते. बाबी सुरुवात तिथे करायचा आणि शेवट माझ्या, म्हणजे सचिवाच्या, चौकटीत. उरलेल्या कोपऱ्यात मी अंग चोरून सही करायचो. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाचा हा धडधडीत उपमर्द आहे. तो काल सकाळी गेला म्हणून तक्रार मागे घेणार नाही.

हार्ट अटॅक. चहाचा कप हातात होता.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. आरोंद्याकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावाची कांदळवन समिती आहे. खारफुटी जगली तर बांध टिकतो, बांध टिकला तर खारं पाणी भातात शिरत नाही. एवढाच विषय.

झाडं बाबी बघायचा. निधी मी मागायचो.

सरकारी निधी यायचा फेब्रुवारी सरता सरता, आणि संपवायचा मार्चअखेर. कांदळाच्या शेंगा मात्र पिकून गळतात पावसात. म्हणून बाबी श्रावणातच आपल्या होडीने, पदरमोड करून लावणी उरकायचा. मार्चात आम्ही त्याच रोपांशेजारी बोर्ड रोवून फोटो काढायचो.

सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी विचारत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी अहवालात मी खरं लिहिलं. ‘लागवड श्रावणात केली.’ मुलांकडून सत्याची सुभाषितं घोकून घेतल्याचा परिणाम, दुसरं काय!

उत्तर आलं : मंजुरीपूर्वी केलेले काम निधीस पात्र नाही.

निधी थांबला. अजून थांबलेलाच आहे.

मी तोंड पाडून बाबीच्या पडवीत गेलो.

"तुमी खरा लिवलात, मास्तरानु," तो म्हणाला. "आता कांदळाक पण एक अर्ज करा. शेंगो मार्चात सोड म्हणान."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग एका कंपनीचे सीएसआरवाले आले. टी-शर्ट, बॅनर, ड्रोन. त्यांना लावणी बाराच्या ठोक्याला हवी होती आणि भरतीही बारालाच होती. रोपं दुसऱ्या दिवशी वाहत जाऊन पलीकडच्या गावाच्या काठाला लागली.

मग कार्बन क्रेडिटचा एक सल्लागार. "या जमिनीची मालकी नेमकी कोणाची?"

बाबी म्हणाला, "भरतीक दर्याची, सुकतीक सरकारची. आमचो फक्त चिखल."

तोही पुन्हा फिरकला नाही.

वाडीतले तरुण सकाळीच गोव्याला कामाला जातात. गेले दोन श्रावण बाबी एकटाच कंबरभर चिखलात उतरला. मी बांधावर कोरड्या पायांनी उभा राहून ‘नवा प्रस्ताव पाठवलाय हं’ असं सांगत होतो.

यंदाच्या शेंगा त्याच्या पडवीत ओल्या गोणपाटाखाली आहेत. काल स्मशानातून परतलो, तेव्हा बाबीच्या बायकोने मला बाजूला बोलावलं.

"मास्तरानु, ह्या शेंगांचा काय करूचा? आमका सुतक. बारा दिसांत कुसान जातल्यो."

अख्खी वाडी भावकी, म्हणजे अख्ख्या वाडीला सुतक. कोणी लावणीला हात लावणार नाही. भावकीबाहेरचा मी एकटा.

"बघूया, वहिनी," एवढंच म्हणालो.

आता खरं सांगतो. त्या विचारत होत्या तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे : यंदाची मंजुरी अजून आलेली नाही. आत्ता लावल्या तर नवा प्रस्तावही बाद होईल.

बाबीची चिता अजून विझली नव्हती.

खारं पाणी एक दिवस शेतात येईल, ही भीती गावात सगळ्यांनाच आहे. माझी वेगळी आहे. त्या शेंगा पडवीतच कुसतील, आणि माझ्यापाशी त्याचं अगदी नियमाला धरून कारण असेल.

बाबी, दोन्ही हात जोडून तुला शेवटचा नमस्कार.